खिडकीजवळची कॉट

नांदेड, ८ ऑगस्ट १९९९

ती. रेणुकादासकाका,
साष्टांग नमस्कार.

फोन करणार होते. मग तुमचंच वाक्य आठवलं: फोनवर माणूस भांडतो, पत्रात विचार करतो. मला विचार करणारे काका हवे आहेत, म्हणून पत्र.

आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात, मी जिथे काम करते त्या कॅज्युअल्टीत, एका नव्या औषधाची चाचणी सुरू होते आहे. हृदय अचानक थकतं, फुफ्फुसांत पाणी साचतं, माणसाला आडवं होता येत नाही, बसल्या बसल्या तो धापा टाकतो. अशा रुग्णाला आम्ही ऑक्सिजन देतो, लघवीवाटे पाणी काढणारं इंजेक्शन देतो. ते सगळं सगळ्यांना मिळणारच. त्याशिवाय दोन दिवस, रोज एक बाटली शिरेतून. निम्म्या रुग्णांच्या बाटल्यांत नवं औषध, निम्म्यांच्या बाटल्यांत नुसतं सलाईनचं पाणी. दिसायला दोन्ही सारख्या. कुणाला काय गेलं हे मला कळणार नाही, आमच्या मोठ्या सरांनाही नाही. अनेक शहरांत ही चाचणी चालणार आहे. ती संपल्यावरच यादी उघडेल.

माझी अडचण निराळी आहे. हे सगळं समजावून संमती घ्यायची, आणि समोरच्याला श्वास पुरत नाही. बुडणाऱ्याला काठावरून पोहण्याचं शास्त्र सांगावं तसं होतं. छापील कागदावर ‘यादृच्छिक विभागणी’ लिहिलं आहे. मी ते वाचते, आणि नातेवाईक माझ्या तोंडाकडे बघून म्हणतात, “तुमी म्हणाल तसं, बाई.” काका, हा होकार नाही. ही शरणागती आहे.

तुम्ही आयुष्यभर माणसांशी बोललात. मला शब्द द्या.

तुमची देविका


लातूर, १४ ऑगस्ट १९९९

चि. देविका,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा टेबलावर मूठ आपटली. धापा टाकणाऱ्या माणसाला पाणी लावून बघत बसायचं? औषध चांगलं असेल तर सगळ्यांना द्या, वाईट असेल तर कुणालाच देऊ नका! असं दोन पानं लिहिलं. मग थांबलो. चांगलं की वाईट हे कळणार कसं, या प्रश्नापुढे माझं वक्तृत्व आडवं पडलं.

शेकडो वर्षं वैद्यांनी रोग्यांच्या शिरा कापून रक्त वाहू दिलं. मोठमोठे विद्वान होते. गुण येतो अशी त्यांची खात्री होती. किती माणसं त्या खात्रीने मारली, ते कुणी मोजलं नाही. खात्री ही फार भयंकर वस्तू आहे, पोरी. माझ्या घराखालीच तिचं दुकान आहे. पहाटे पाचपासून क्लासची मुलं एका सुरात ओरडतात, “उत्तर ब!” चार पर्याय, त्यात एक बरोबर, आणि तो पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेला. तूही याच शहरात तशीच घोकून डॉक्टर झालीस. आता तुझ्या हातात असा प्रश्न आला आहे की ज्याला शेवटचं पानच नाही. घाबरू नकोस. शिकायला इथून सुरुवात होते.

शब्द हवा होता ना? ‘चिठ्ठी’ म्हण.

भूकंपानंतर आपलं गाव नव्या जागी वसलं, तेव्हाची गोष्ट. मी तिथल्या शाळेवरच होतो. कुणाला कोणतं घर, यावरून लोक एकमेकांच्या गळ्याला हात घालायला निघाले होते. सरपंचावर विश्वास नाही, तहसीलदारावर नाही, माझ्यावरही नाही. शेवटी मारुतीसमोर घागर ठेवली, तीत घरांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि एका लहान मुलीला काढायला लावल्या. सगळं गाव चूप. जे आलं ते आलं. पुढे लोकांनी आपसांत घरं बदलून घेतली, भाऊ भावाशेजारी गेला, कुणी पाणंदीजवळ सरकलं. कागदावरचं नाव एक आणि राहणारा दुसरा. ते असो. पण चिठ्ठीवर कुणी बोट ठेवलं नाही.

तेव्हा सांग: “औषध का पाणी, हे आम्ही ठरवत नाही. चिठ्ठी ठरवते. आम्हालाही ठाऊक नाही.” आपल्या भागातला अडाण्यातला अडाणी माणूस समजेल.

आशीर्वाद.
तुझा काका


नांदेड, १३ नोव्हेंबर १९९९

ती. काका,

आधी हे वाचा: गुणाआत्या बऱ्या आहेत.

भाऊबीजेला तुम्हाला ओवाळायला त्या आल्या नाहीत म्हणून तुम्ही रुसला असाल. दिवाळीला त्या इथे सिंधुताईकडे, लेकीकडे आल्या होत्या. गुरुवारी दुपारी सिंधुताईने त्यांना रिक्षातून आणलं. ओठ निळे, बोलता येईना, दोन्ही हात कॉटवर रोवून बसलेल्या. इंजेक्शन दिलं, तासाभरात लघवी झाली, श्वास थोडा खाली आला. मग मी चाचणीबद्दल विचारलं. तुमचा शब्द वापरला. आत्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि म्हणाल्या, “घराच्या चिठ्ठीसारखं? मंग काढ की. गुरुजीची पुतणी हायस, येडंवाकडं करनार न्हाईस.”

काल पहिली बाटली गेली. आज सकाळी त्या भिंतीला टेकून चहा पीत होत्या. शेजारच्या कॉटवर नीलम्मा आहे, देगलूरकडची. बावीस वर्षांची. वर्षापूर्वी बाळंतपणानंतर हिचं हृदय फुगलं, ते पुन्हा सावरलं नाही. तीही चाचणीत आहे. ती अजून बसूनच झोपते. आत्या तिच्यावर ओरडतात, “अगं खा की दोन घास! लेकरू कुनाच्या जिवावर सोडलंस?” तिची आई लक्ष्मम्मा मराठी-तेलुगूची खिचडी करून उत्तर देते, आणि दोघी हसतात.

काळजी करू नका.

देविका


लातूर, १६ नोव्हेंबर १९९९

चि. देविका,

रुसलो होतोच. भूकंपाच्या पहाटे शाळेच्या खोलीतून मला हाताने माती उपसून बाहेर काढणारी बाई ती. तिचा नवरा त्याच आळीत गाडला गेला होता आणि ती मला काढत होती, कारण माझा आवाज येत होता, त्याचा येत नव्हता. रक्ताच्या बहिणीनेही हे केलं नसतं. ती ओवाळायला आली नाही तर दिवाळी होत नाही माझी.

‘चिठ्ठी’ लागू पडली ना? मी म्हटलं नव्हतं! लोकांना कळत नाही असं म्हणणाऱ्या पंडितांना ही गोष्ट मी पुढच्या व्याख्यानात सुनावणार आहे. लोकांना सगळं कळतं. सांगणाऱ्याला भाषा नसते.

तिला म्हणावं, ओवाळणीचं लुगडं तसंच ठेवलं आहे.

काका


नांदेड, १९ नोव्हेंबर १९९९

ती. काका,

नीलम्मा गेली. रविवारी, चौदा तारखेला. आत्या त्याआधीच घरी गेल्या होत्या, त्यांना अजून ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी अजून कागदावर उतरवलेली नाही, पहिल्यांदा तुम्हालाच लिहिते आहे.

तेरा तारखेला दुपारी मी वॉर्डात गेले तर खिडकीजवळच्या कॉटवर, आत्यांच्या जागी, नीलम्मा. आत्या तिच्या कॉटवर. मला वाटलं, पोरीला वारा लागावा म्हणून जागा दिली असेल. बाकीची औषधं मी नाव विचारून देते, ती बरोबर गेली. पण चाचणीची बाटली कॉट नंबरावर येते. ड्युटी बदलली होती, नव्या सिस्टरने नंबर पाहून दुसऱ्या दिवसाच्या बाटल्या लावल्या. आत्यांची नीलम्माला, नीलम्माची आत्यांना. माझ्या लक्षात आलं तोवर दोन्ही बाटल्या संपत आल्या होत्या.

मी आत्यांना विचारलं, “आत्या, कॉट का बदलली?”

“मला एका बाटलीत गुन आला, बाई. माझी चिठ्ठी चांगली निघाली. ही पोरगी लेकुरवाळी. म्हनलं, माझं घर तू घे, तुझं मी घेते. लक्ष्मम्मा बी हाव म्हनली.”

“अहो, असं बदलता येत नाही!”

“काहून न्हाई? गावात समद्यांनी बदललं की. तवा कुनी पोलीस आनला न्हाई.”

शब्द मीच वापरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीलम्माचा रक्तदाब खाली खाली गेला. आम्ही सगळं केलं. लक्ष्मम्मा माझ्या पायाशी बसून होती.

मोठे सर म्हणतात, “एकीची इकडे, एकीची तिकडे, बेरीज तीच राहते. कशाला लिहिता? आपलं केंद्र बंद पडेल आणि तुमचं नाव खराब होईल.” ते वाईट माणूस नाहीत, काका. दमलेले आहेत. मी पाच दिवस गप्प आहे.

देविका


लातूर, २२ नोव्हेंबर १९९९

देविका,

लिही. आजच लिही.

एक बाई मेली आहे. कशाने मेली हे आपल्याला माहीत नाही. पण ती मेली त्या दिवशी तिच्या अंगात कोणती बाटली होती, हे खोटं लिहिलं गेलं तर तिचं मरण चुकीच्या रकान्यात पडेल. उद्या कुठल्या तरी शहरात कुणीतरी तो आकडा वाचून औषध चांगलं की वाईट ठरवेल, आणि त्यावर हजारो छात्या श्वास घेतील किंवा थांबतील. तुझ्या सरांना सांग, बेरीज तीच राहते हा हिशेब वाण्याचा. माणसाची बेरीज अशी होत नाही.

सत्य सांगताना माणसाचं नाव खराब होत असेल, तर ते नाव खराब होण्याच्याच लायकीचं होतं असं समज. मी चाळीस वर्षं व्यासपीठावरून हेच सांगत आलो. घरात वेगळं सांगणार नाही.

आणि उपमा माझी होती, हेही लिही. निम्मी चूक माझ्या नावावर घाल. मी सांगताना ‘ते असो’ म्हणून पुढे गेलो होतो.

काका


नांदेड, ५ डिसेंबर १९९९

ती. काका,

लिहिलं. बाहेरून दोघे तपासणीला आले, दिवसभर प्रश्न विचारून गेले. महिनाभर नवे रुग्ण घ्यायचे नाहीत असा हुकूम आहे. चाचणीच्या कामातून मला काढलं. कॅज्युअल्टीतली ड्युटी आहे. सर माझ्याशी कामापुरतं बोलतात. आता बाटलीवर नाव लिहिलं जातं, आणि संमती घेताना एक वाक्य वाढलं आहे: ही चिठ्ठी बदलता येत नाही.

सिंधुताई परवा भेटली. आत्यांना गावी सोडून आले म्हणाली. तिने त्यांना नीलम्माचं सांगून टाकलं. मी सांगायला हवं होतं.

आत्या कशा आहेत? जाऊन बघाल?

देविका


लातूर, १० जानेवारी २०००

चि. देविका,

गेलो होतो. तीन वेळा गेलो. हे पत्र लिहायला मला लाज वाटते आहे, म्हणून लवकर लिहून टाकतो.

गुणाबाई जेवत नव्हती. गोळ्या डब्यात तशाच. पाय सुजलेले, दोन पायऱ्या चढल्या की दम. मी म्हटलं, गोळ्या का घेत नाहीस? ती म्हणाली, “माझ्या बाटलीनं ती पोरगी मेली, गुरुजी. मी चांगलं म्हनून दिलं आन् ते इख निघालं. मी आता कुनाचं औषध खाऊ?”

मी भाषण केलं. कर्तव्य, नियती, हेतूची शुद्धता, सगळं बोललो. ती भिंतीकडे बघत होती. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं आणि ज्या तोंडाने तुला सत्याचा उपदेश केला त्याच तोंडाने म्हणालो, “देविकाचा निरोप आला आहे. तुझ्या बाटलीत नुसतं पाणी होतं. पाण्याने कुणी मरत नाही. ऊठ, जेव.”

मला वाटलं, आता ती रडेल आणि मोकळी होईल. ती रडली नाही. मग हलक्या आवाजात म्हणाली, “म्हंजी औषध तिच्या बाटलीत व्हतं.”

आणि पुढे म्हणाली,

“म्हंजी त्या लेकुरवाळीचं औषध मी घेतलं, आन् तिला पानी पाजलं.”

देविका, मी इतका बोलणारा माणूस, पण ही दुसरी बाटली माझ्या ध्यानातच आली नव्हती. औषध म्हणावं तर तिने मारलं, पाणी म्हणावं तर तिने लुबाडलं. मी तिला एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात ढकललं. आता ती पाणीसुद्धा मोजून पिते आहे. तुझ्या मोठ्या सरांना मी वाणी म्हटलं होतं. ते निदान गप्प राहा म्हणाले. मी तर बोललो.

काय करू, सांग.

रेणुकादास


नांदेड, १३ जानेवारी २०००

काका,

काही करू नका. कृपा करून काही बोलू नका.

तुमचा राग आला. मग वाटलं, त्यांच्या सुजलेल्या पायांसमोर मी असते तर काय केलं असतं? माहीत नाही. पण खोट्याने बऱ्या होणार असत्या तर मी तुमच्याआधी बोलले असते.

रविवारी पहिल्या एसटीने येते. सोबत गोळ्या आणते आहे.

देविका


लातूर, २ फेब्रुवारी २०००

चि. देविका,

तू त्या दिवशी गुणाबाईजवळ बसून जे बोललीस ते मी दारातून ऐकलं. “आत्या, काकांनी खोटं सांगितलं. बाटलीत काय होतं ते मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. औषध तारतं का मारतं, हेसुद्धा ठाऊक नाही. ते ठाऊक असतं तर चिठ्ठी काढलीच नसती.” एवढंच. एक अलंकार नाही. मी मनात म्हटलं, हे काय समजावणं झालं? आणि ती तुझ्याकडे वळून बसली.

आता तिचा निरोप. अक्षर माझं, शब्द तिचे. तिने मला बजावलं आहे, “आपल्या मनाचं घालू नगा.”

“देविकाबाईस गुणाबाईचा रामराम. तू गेल्यापासून मी गोळ्या घेती. तू म्हनलीस, आत्या, तुमीच गेलात तर यादी उघडल्यावर मी कुनाला सांगू? म्हनून घेती. भाकर खाती. पाय उतरलेत. गुरुजी म्हनतेत, यादी उघडली तरी इचारू नको, झालं ते झालं. त्येंचं ऐकू नको. धरनीकंप झाला तवा मी दगडं उपशीत व्हते. लोक म्हनत व्हते, गुणाबाई, ऊठ, तुजा नवरा काय जित्ता न्हाई. मी उठले न्हाई. त्याचं तोंड बघितलं, मंग उठले. मेलेलं असू दे न्हाईतर जित्तं, बघितल्याबिगर मानसाला उठता येत न्हाई. यादी उघडंल तवा मला सांग. गोड करून सांगू नको. तवर मी हाय.”

मी काही घातलेलं नाही.

काका


नांदेड, २० मार्च २००१

ती. काका, आणि गुणाआत्यांस नमस्कार.

यादी उघडली. काका, हे जसंच्या तसं वाचा.

आत्या, तुमच्या चिठ्ठीत औषध होतं. नीलम्माच्या चिठ्ठीत पाणी. म्हणजे पहिल्या दिवशी तुम्हाला औषध गेलं, तिला पाणी. दुसऱ्या दिवशी, कॉट बदलल्यावर, तुमचं औषध तिला गेलं आणि तिचं पाणी तुम्हाला.

सगळ्या शहरांतले रुग्ण मोजले. औषध मिळालेले जास्त वाचले नाहीत. ज्यांचा रक्तदाब आधीच कमी होता त्यांचा आणखी खाली गेला, आणि त्यांच्यातले जास्त दगावले. नीलम्माचा कमी होता. त्या बाटलीने तिचा जीव गेला का? मी हो म्हणू शकत नाही. तिचं हृदय फार थकलेलं होतं, पाण्यानेही ती वाचलीच असती असं नाही. पण ‘नाही, त्याने गेला नाही’ असंही मी म्हणू शकत नाही. याहून जास्त मला कधीच कळणार नाही.

तुम्हाला गुण आला तो बहुतेक लघवीच्या इंजेक्शनने. ते तर नीलम्मालाही मिळालं होतं.

हे औषध आता आमच्याकडे कुणालाही लावणार नाहीत. त्या मोजणीत नीलम्मा आहे, कॉट बदलल्याच्या नोंदीसकट. मोठ्या सरांनी ती नोंद स्वतः वाचून दाखवली, आणि मान खाली घालून म्हणाले, “बरं झालं लिहिलंत.”

देविका


लातूर, २६ मार्च २००१

चि. देविका,

वाचलं. एक अक्षर बदललं नाही. ‘त्याने गेला नाही असंही मी म्हणू शकत नाही’ इथे माझा आवाज अडखळला, जीभ दुसरीकडे वळू बघत होती. ती म्हणाली, “नीट वाचा, गुरुजी.” मी पुन्हा वाचलं.

बाहेर तिची सून ज्वारी पाखडत होती. गुणाबाई म्हणाली, “म्हंजी तिच्या वाट्याला पानी आलं व्हतं. तेच बरं व्हतं. मी मदी पडले.”

मी तोंड उघडलं. तिने हात वर केला.

“आन् देविकाबाई बी चांगलं समजूनच लावत व्हती. मोठा डाक्टर बी. समदेच चांगलं समजून करत व्हते.” मग पदराने तोंड पुसलं. रडली म्हणणार नाही, रडली नाहीही म्हणणार नाही. तुझ्याकडून एवढं शिकलो आहे.

मला वाटलं, संपलं. ती उठली, खुंटीवरची पिशवी काढली.

“लक्ष्मम्माला कुनी सांगितलं का हे?”

मी म्हटलं, “देविका लिहील.”

“तिला वाचता येत न्हाई. आन् असलं कागदावर सांगायचं नसतं. ती बी दगडाशेजारीच बसली असंल की, दीड वरीस. मी जाते देगलूरला. बाटली माझी व्हती, मीच सांगनार.”

“तिने तुला दारात उभं केलं नाही तर?”

“तर दाराभाईर बसंन.”

“मी सांगू का तिला समजावून? बोलणं हे माझं कामच...”

“तुमी न्हाई. तुमाला गोड करायची खोड हाय.”

उद्या सकाळच्या उदगीर गाडीने आम्ही दोघे निघतो आहोत, पुढे देगलूर. तिने नीलम्माच्या मुलासाठी झबलं घेतलं, आता तो अडीच वर्षांचा झाला असेल हे लक्षात आल्यावर ते परत करून सदरा घेतला. भाऊबीजेचं जुनं लुगडं, माझ्याकडे पडून राहिलेलं, तेच नेसून येणार आहे. दम लागला तर लागतील म्हणून तुझ्या गोळ्या माझ्या खिशात ठेवल्या आहेत.

मला सोबत नेते आहे ती पिशवी धरायला. अट एकच घातली आहे, आणि मी ती कबूल केली आहे: तिथे मी बोलायचं नाही.

काका